चारची भरती

"मास्तरानू, ती वही ठेवा आदी आणि बादली घेवा," शेवंताकाकी म्हणाली.

मी वहीत लांबी लिहीत होतो. पावलांनी मोजून अठरा फूट, थोडं इकडेतिकडे. वजन अंदाजे दोन टन. श्वास मिनिटाला दोन. लिहून झाल्यावर खाली दोन रेघा मारल्या, फळ्यावर उत्तराखाली मारतो तशा. माझ्यापुढे ओल्या वाळूत देवमाशाचं पिल्लू पडलं होतं आणि काकी आपली जुनी लुगडी भिजवून त्याच्या पाठीवर पसरत होती.

"तेका काय परीक्षेक बसवचो आसा तुमका?" तिने विचारलं.

भोवतालच्या बायका हसल्या. मीही हसलो, वही खिशात कोंबली आणि बादली उचलली. त्या दिवशी दुपारपर्यंत मी चांगला हसतखेळत होतो, हे आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

एकोणीसशे शहाण्णव सालचा फेब्रुवारी होता. रविवार. वेळसरच्या हायस्कुलात मी आठ वर्षं विज्ञान शिकवत होतो. मी मूळचा सांगलीकडचा. पाण्याशी माझा संबंध विहिरीच्या कठड्यापर्यंत, पोहायला आजतागायत येत नाही. पण गावात मासा, वारा, ग्रहण, विंचू, काहीही निघालं की लोक माझ्याकडे बघायचे आणि मलाही त्याची सवय लागली होती. त्यात महिन्यापूर्वी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत माझा लेख आला होता. विषय होता देवमासे आणि डॉल्फिन यांच्या शेपटीतली ताकद. लेख मी आठ पानांचा पाठवला होता, छापून आला त्यातला साडेतीन पानांचा मजकूर. तेवढ्यावरही मी महिनाभर तरंगत होतो. आणि महिना सरतो न सरतो तोच माझ्या लेखाचा विषय स्वतःच्या पायांनी, म्हणजे पायांशिवाय, माझ्या गावात चालत आला होता. नशीब फळफळतं म्हणतात ते असंच, असं मला त्या सकाळी वाटलं.

पिल्लू पहाटेच्या ओहोटीत फसलं होतं. लवूकाकांना ते सगळ्यात आधी दिसलं. लवूकाका म्हणजे शेवंताकाकीचे यजमान आणि आमच्या वाडीच्या रापणीचे तांडेल. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकून यायचं आणि त्याचे दोन्ही बाजूंचे दोर अख्ख्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचे. या ओढण्याला एक रीत होती. तांडेलाने हाक दिल्याखेरीज कुणी दोराला हिसका द्यायचा नाही. आणि एकदा त्याने हाक दिली की पुढे जे होईल ते त्याचं. जाळं खडकावर फाटलं, मासळी निसटली, कुणाचा हात चिरला, तरी कुणी कुणाकडे बोट दाखवत नसे. फाटलेलं जाळं तांडेल स्वतः मांडीवर घेऊन बसायचा. लवूकाका बावीस वर्षं हाक देत होते.

मी पोचलो तेव्हा त्यांनी सगळी व्यवस्था लावून टाकली होती. डोक्याकडे वल्ही रोवून त्यावर शीड बांधून सावली केली होती, श्वासाच्या छिद्रात पाणी जाणार नाही अशा बेताने बायका पाणी ओतत होत्या, आणि पोटाखाली दोन्ही बाजूंनी वाळू उकरून चर खणणं चालू होतं.

"आज षष्ठी," लवूकाका मला म्हणाले. "चाराक भरती पुरी. ती रेघ बघा."

वर, माडांच्या बाजूला, सुकलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ होती.

"पाणी थंयपर्यंत येता. ह्यो तेच्या खाली पंचवीस पावलार पडलो हा. तीन-साडेतीनाक पाणी चरात भरतला, चाराक आपसूक तरंगतलो. मगे आपण फकत तोंड फिरवून देवचा. वढूचा नाय, ढकलूचा नाय."

"बरोबर आहे," मी म्हणालो. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मला ते खरोखरच बरोबर वाटलं होतं.

मग मी पोस्टासमोरच्या फोनच्या दुकानात गेलो. वनखात्याच्या कचेरीत फोन लावला, रविवार असल्याने तो वाजत राहिला. पण हे मी सांगतोय त्या क्रमाने झालं नाही. आधी मी वर्तमानपत्राच्या बातमीदाराला फोन केला, मग वनखात्याला.

बातमीदाराचं नाव वारंग. साडेदहाला तो जीप घेऊन आला, गळ्यात कॅमेरा. माणूस चपळ आणि हसतमुख. लेख आपणच संपादकांकडे रेटला होता, असं त्याने जीपमधून उतरता उतरता सांगून टाकलं. त्याने पिल्लाचे चार फोटो काढले, एक माझ्यासकट. मी पिल्लाच्या शेपटीजवळ उभा राहून त्याला समजावत होतो. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, हा खाली-वर हलवतो. पाठीच्या कण्याच्या वर एक आणि खाली एक असे स्नायूंचे दोन जाडजूड पट्टे, डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत. वरचा आखडला की शेपूट वर, खालचा आखडला की खाली. मोठ्या देवमाशाचं सगळं धूड त्या दोन पट्ट्यांच्या जोरावर पाण्याबाहेर उसळतं. मी बोलत असताना पिल्लाने शेपूट उचलली आणि वाळूवर आपटली. पाय रोवून उभी असलेली दोन माणसं हादऱ्याने मागे पडली.

"बघा!" मी ओरडलो. "आजारी पिल्लू आहे हे. आजारी असताना ही ताकद!"

वारंगने टिपून घेतलं. मग घड्याळात पाहिलं.

"सर, मला एकला निघायला लागेल," तो म्हणाला. "रोल धुऊन संध्याकाळच्या गाडीने कोल्हापूरला गेला पाहिजे. गेला तर उद्या पहिलं पान. संपादक म्हणालेत, तुमच्या लेखाचाही उल्लेख करू, चौकटीत."

"पण भरती चारला आहे."

"मग राहिलंच." त्याने कॅमेऱ्याला टोपण लावलं. "पडलेल्या माशाचा फोटो आत सातव्या पानावर जाईल. पडलेला काय आणि मेलेला काय, फोटोत सारखाच. समुद्रात जाताना मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती." मग जीपच्या बॉनेटवर बसून त्याने काकीने दिलेलं शहाळं प्यायला सुरुवात केली. त्याने मला काहीही करायला सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला ते वेगळं सांगत आलो.

साडेअकराला मी लवूकाकांकडे गेलो. ते चरात गुडघाभर उतरून वाळू उपसत होते.

"काका, थांबून चालणार नाही," मी म्हणालो.

"काय झाला?"

"चारपर्यंत हा जगणार नाही."

त्यांनी फावडं टाकलं. पिल्लाच्या डोळ्यामागे हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. भुस्सकन श्वास आला आणि त्यांचा सदरा ओला झाला.

"श्वास बरो आसा तेचो," ते म्हणाले. "सकाळपासून तसोच आसा."

"आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. पाण्यात त्याला वजनच नसतं, काका. जमिनीवर त्याचं स्वतःचं वजन त्याला चिरडतं. छाती दबते, स्नायू दबतात. ज्या स्नायूंच्या जोरावर तो पोहतो ना, ते दर मिनिटाला मरताहेत. चारला पाणी येईल, पण पोहायला याच्यात काही उरलेलं नसेल."

हे सगळं पुस्तकात होतं. लवूकाका ऐकत राहिले. आठवीत दोनदा नापास झालेल्या त्यांच्या पुतण्याला मी फुकट शिकवून दहावी पार केलं होतं, आणि तेव्हापासून माझ्यासमोर ते टोपी डोक्यावर नीट बसवून बोलायचे.

"आणि वढूचो कसो?" त्यांनी विचारलं.

"शेपटीला दोर बांधून. दोन्ही होड्यांची इंजिनं लावू. पाण्यात तीसचाळीस माणसं."

"शेपटाक?" त्यांनी मान हलवली. "नको मास्तरानू. होयाच आसात तर पोटाखालसून शीड घालून झोळी करूया. तेका येळ लागतलो, पण शेपटाक नको."

"काका, त्याची सगळी ताकद शेपटीत आहे. सगळ्यात मजबूत भाग तोच. आत्ता आपटली तेव्हा बघितलंत ना?"

"बघितलंय." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. तळव्यांवर दोराने पडलेले घट्टे होते. "माझ्या हातात दोर वढूची ताकद आसा मा? म्हणान तुमी माका ह्याच हातांक धरून माडार टांगलात तर? खांदो निखळतलो. वढणारो हात येगळो, वढून घेणारो येगळो."

मी हसलो. शिक्षक हुशार पण चुकलेल्या विद्यार्थ्याकडे बघून हसतात तसा. "माणसाचा खांदा आणि देवमाशाची शेपूट यांत फरक आहे, काका."

पण ते हटले नाहीत. पुन्हा पुन्हा त्या शेवाळाच्या रेघेकडे बोट दाखवत राहिले. पंचवीस पावलं, मास्तरानू, पंचवीस पावलं खाली आसा ह्यो. मी पुन्हा पुन्हा स्नायू आणि फुप्फुसं सांगत राहिलो. लोक जमले. काही त्यांच्या बाजूने, काही माझ्या. बारा वाजले, सव्वाबारा वाजले. जीपच्या बॉनेटवरून वारंग उतरून पिशवी आवरू लागला. मग मी जे बोललो ते मला शब्दनशब्द आठवतं.

"तुमचा हट्ट चालू दे, काका. पण चारला हा मेलेला असला तर लोकांना सांगा की मास्तरांनी साडेअकराला सांगितलं होतं."

शेवंताकाकी रिकामी बादली घेऊन तिथेच उभी होती.

"ते शिकलेले आसत," ती हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. "आयका तेंचा."

लवूकाकांनी समुद्राकडे पाहिलं. पाणी अजून तीस पावलं दूर होतं. मग त्यांनी टोपी काढून कमरेला खोचली, जशी ते रापण ओढण्याआधी खोचायचे, आणि दोर मागवला.

गाठ त्यांनी स्वतः मारली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आधी शेपटीच्या देठाला काकीची दोन लुगडी गुंडाळली, वर गोणपाट, त्यावर रापणीचा जाड दोर. गाठ कातडीत रुतू नये म्हणून तीनदा सोडून पुन्हा बांधली. पिल्लू तेवढा वेळ शेपूट अगदी हलवत नव्हतं. होड्या सुरू झाल्या. कमरेएवढ्या पाण्यात दोराच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. बरोबर साडेबाराला लवूकाकांनी हाक दिली.

"वढाऽऽ!"

पहिल्या ताणाला काही झालं नाही. दुसऱ्या हाकेला पिल्लू हातभर मागे सरकलं. वाळू ओली असली तरी धूड दोन टनांचं होतं आणि ते सबंध वजन त्या एका देठावर आलं होतं. तिसऱ्या हाकेला एक आवाज झाला. मोठा नव्हता. ओली लाकडी फळी पिळल्यावर होईल तेवढाच. इंजिनांच्या धडधडीत तो कितीजणांनी ऐकला कोण जाणे. मी ऐकला. लवूकाकांनीही ऐकला, कारण त्यांनी हात वर करून हाक थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चालू द्या!" मी ओरडलो. "सरकतोय!"

आणि खरंच सरकत होता. त्यानंतर तर फारच सहज सरकला. एकला दहा मिनिटं असताना पिल्लू पाण्यात होतं. लवूकाकांनी पोहत जाऊन कोयत्याने दोर कापला. पिल्लाने एक मोठा फवारा सोडला, ऊन त्याच्या पाठीवर चमकलं आणि वारंगचा कॅमेरा लागोपाठ खटाखट वाजला. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. दोघातिघांनी मला खांद्यावर घेतलं आणि पोहता न येणारा मी कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्या खांद्यावर बसून हात हलवत राहिलो. फोटोत तो हात आला आहे.

लवूकाका पाण्यातच उभे होते.

"शेपूट वर येणा नाय," ते म्हणाले.

पिल्लू एका कुशीवर कलत, पाठीचा मागचा भाग नुसता आक्रसत, हळूहळू बाहेर जात होतं.

"दमलाय तो," मी खांद्यावरून म्हणालो. "सहा तास जमिनीवर होता. तासाभरात ठीक होईल."

सोमवारी पहिल्या पानावर फोटो आला. खाली चौकट, त्यात माझं नाव दोनदा. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर माझा सत्कार केला, नारळ आणि शाल. शाल बरी होती, अजून आहे.

बुधवारी सकाळी लवूकाका शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मी तास सोडून बाहेर गेलो.

"गावला," एवढंच म्हणाले.

खाडीच्या तोंडापलीकडे, आमच्या वेळसरपासून दोन कोसांवर ते लागलं होतं. तरीच्या होडीने खाडी ओलांडून आम्ही चालत गेलो. पिल्लू पोट वर करून पडलं होतं. शेपटीच्या देठावर गोणपाटाचा दोरा अजून चिकटलेला होता. लवूकाकांनी खाली बसून तिथे चाचपलं, मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला. कातडी शाबूत होती. पण कातडीखाली कणा तुटलेला होता, दोन मणक्यांमध्ये माझी मूठ मावेल एवढी फट. त्या फटीच्या पुढे, पाठीवर, स्नायू अजूनही टणक होते. मरेपर्यंत त्या पट्ट्यांनी जीव तोडून ओढलं असणार. जिला ओढायचं ती शेपूटच त्यांच्या हातून सुटली होती. फवारा मारायला वर यायचं तर शेपूट लागते. ते बुडून मेलं होतं.

तिथल्या लोकांच्या मदतीने आम्ही खड्डा खणला. लवूकाकांनी नारळ फोडला, अर्धा पाण्यात सोडला, अर्धा खड्ड्यात ठेवला. परतताना तरीच्या होडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं.

"मास्तरानू, एक खराखरा सांगा. पाण्याची वाट बघितली आसती, तर जगलो आसतो काय ओ तो?"

इथे थांबून मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या लेखाची जी पानं छापली गेली नाहीत, त्यांतल्या सहाव्या पानावर मी एक परिच्छेद लिहिला होता. किनाऱ्यावर फसलेलं पिल्लू ओलं ठेवलं, सावलीत ठेवलं, तर ते दिवसभर सहज तग धरतं. दोन पुस्तकं ताडून मी ते वाक्य लिहिलं होतं. वजनाने छाती दबते, स्नायू खराब होतात हेही खरं, पण त्याला असे चार तास पुरत नाहीत. चारची भरती त्याच्यासाठी भरपूर वेळेवर येणार होती. हे मला रविवारी साडेअकराला ठाऊक होतं. ते पान छापलं गेलं नसल्यामुळे ते वेळसरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. शेपटी निखळेल हे मात्र मला खरोखर माहीत नव्हतं, ते माझं अज्ञान. अज्ञानाबद्दल माणूस माफी मागू शकतो. पण मी घाई केली ती वारंगची जीप एक वाजता सुटणार होती म्हणून, आणि मला पहिल्या पानावर यायचं होतं म्हणून.

होडीत आम्ही दोघं आणि नावाडी. लवूकाका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही, काका," मी म्हणालो. "चारपर्यंत जगलाच नसता. आपण केलं ते बरोबरच होतं. फक्त वेळ फार झाला होता."

मला वाटलं, यात दोघांचीही सुटका आहे. त्यांचीही आणि माझीही. त्यांनी मान खाली घातली. होडी पलीकडे लागेपर्यंत ते आपल्या तळव्यांकडे बघत बसले.

"तुमी साडेअकराक सांगितलात," शेवटी ते म्हणाले. "मी हाक दिली साडेबाराक. तासभर आडून बसलंय मी. त्या तासात तेचा अंग सैल पडला आसात, म्हणान शेपूट निखळला. आधीच वढलो आसतो तर टिकलो आसतो."

"तसं नाही, काका."

"तसाच." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, माझी समजूत काढायला. "तुमचो काय दोष नाय ह्येच्यात. तुमी सांगत होतात. हाक माझी, आणि उशीर माझो."

होडी किनाऱ्याला लागली. तोंड उघडायला मला खाडीच्या धक्क्यापासून वाडीपर्यंत पाऊण तास मिळाला होता. मी तो सगळा गप्प राहून घालवला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर दोन वर्षं गावाने टोमणे मारले असते. गावात टोमणे कुणाला चुकलेत! पण पाठीवर शाल पडून जेमतेम दोन दिवस झाले होते.

शिमग्यानंतर लवूकाकांनी हाक देणं सोडलं. टोपी पुतण्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः दोराच्या शेवटच्या टोकाला, पोरीबायकांच्या मागे उभे राहू लागले. वाडीतले लोक म्हणाले, वय झालं. बावन्न वर्षांचे होते. शेवंताकाकीने एकदा मला घरी बोलावून चहा दिला आणि म्हणाली, "तुमी जरा समजवा तेंका. तुमचा आयकतत." मी गेलो, त्यांच्याशी क्रिकेटवर बोललो आणि परत आलो.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. पण संबंध तुटला नाही. दर गणपतीला त्यांचा निरोप यायचा, पुढे फोन आल्यावर फोन. माझ्याकडून मी कधी केला नाही. त्यांच्याकडून कधी चुकला नाही. मी सेवानिवृत्त झालो, सांगलीला परत आलो. लोक मला व्याख्यानांना बोलावतात, समुद्री जिवांविषयी बोला म्हणतात. मी विषय बदलून घेतो, सूर्यमालेवर बोलतो.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी फोन वाजला. गणपती होऊन तीन महिने झाले होते, म्हणून नंबर बघताच हातातलं टाकून फोन उचलला. शेवंताकाकीचा आवाज होता, आता अगदी बारीक झालेला.

"मास्तरानू, ह्यांका तुमच्याशी बोलूचा आसा. सकाळपासून मागे लागले हत. बाजारातसून इलंय आणि आधी फोन लावलंय."

मग लवूकाका आले. श्वास लागलेला, पण आवाज चढा. इतकी वर्षं गणपतीच्या फोनवर मी ज्यांच्याशी बोलत होतो ते हे लवूकाका नव्हते. हे रापणीवरचे होते.

"मास्तरानू, परत इलो एक!" ते म्हणाले. "डॉल्फिन. मोठो आसा, आठ फुटी. पहाटेचोच इलो, त्याच जाग्यार. पोरा माका विचारूक इली, काका, काय करूया? कोण म्हणी वनखात्याक फोन करा, कोण म्हणी पाण्याची वाट बघूया. भरती तीनाक होती."

"मग?" मी म्हणालो.

"मी म्हटलंय, थांबूचा नाय! मास्तरांनी तेवाच सांगितलेला, ते थांबले तर मरतत. काठी टेकत टेकत गेलंय किनाऱ्यार. आठाक दोर बांधून घेतलंय. शेपटाक, गोणपाट घालून, तशीच. पोरा म्हणी, तुमीच हाक द्या. दिलंय हाक, मास्तरानू. इतक्या वर्सांनी. साडेआठाक पाण्यात."

ते हसत होते.

"काका," मी विचारलं, "जाताना त्याने शेपूट वर उचलली का?"



"ता माका दिसूक नाय," ते म्हणाले. "डोळ्यांका आता तितक्या लांबचा दिसणा नाय. पण लोकांनी टाळ्यो वाजवल्यानी. ह्या खेपेक मी येळ घालवूक नाय, मास्तरानू. एक मिनिट घालवूक नाय." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, शाळेच्या फाटकाशी उभं राहून विचारावं तसा. "बरा केलंय मा?"

ऐंशी वर्षांचा माणूस. घड्याळात अडीच वाजले होते. वेळसरला पाणी अजून चढत होतं.

"बरं केलंत, काका," मी म्हणालो.